टाटात ओळख आहे का?

आमच्या पिढीला कॅन्सरची माहिती पहिल्यांदा मिळाली ती कुजबुजीतून, आणि पक्की झाली ती थिएटरात. घरात मोठी माणसं बोलता बोलता एकदम आवाज खाली आणत, आई स्वयंपाकघरातून 'मुलं आहेत' अशी नजर टाकी, आणि आम्ही समजून जात असू की कुणाला तरी 'तो' आजार झाला आहे. पुढचं शिक्षण हिंदी सिनेमानं केलं. १९६३च्या 'दिल एक मंदिर'नं आणि १९७१च्या 'आनंद'नं आम्हाला शिकवलं की कॅन्सर देखण्या, सुस्वभावी आणि गोड बोलणाऱ्या माणसांना होतो. त्यात केस गळत नाहीत, वजन उतरत नाही, बिल येत नाही, आणि शेवटच्या रिळापर्यंत संवाद स्वच्छ ऐकू येतात. 'लिम्फोसार्कोमा ऑफ द इंटेस्टाईन' हे वैद्यकशास्त्रातलं एकच लांबलचक नाव आमच्यापैकी कित्येकांना पाठ होतं, आणि ते राजेश खन्नाकडून शिकलेलं असल्यामुळे उच्चारही बरा होता.

आता कुजबुज उरलेली नाही. बायोप्सीचा रिपोर्ट आला की संध्याकाळच्या आत व्हॉट्सॲपवर एक ग्रुप निघतो. त्याला 'बाबा ट्रीटमेंट' असं नाव पडतं, डीपीला गणपती किंवा स्वामी समर्थ लागतात. पुण्याची मुलगी, न्यू जर्सीचा मुलगा, नागपूरची मावशी आणि जिला कुणी घातलं हे कधीच कळत नाही अशी एक चुलत वहिनी, असे सगळे तिथे जमतात. रिपोर्टचा फोटो फिरतो, दोन बोटांनी मोठा करून वाचला जातो. पूर्वी घरातल्या सगळ्यांना कळे आणि पेशंटला कळत नसे. आता पेशंटला सगळ्यांच्या आधी कळतं, पुष्कळदा डॉक्टरांच्याही आधी. कारण लॅब आपली पीडीएफ थेट त्याच्या मोबाइलवर पाठवते, आणि नेमकी रात्री साडेदहाला पाठवते.

त्या काळी निदान सांगण्याचा एक ठरलेला विधी होता. तपासून झाल्यावर डॉक्टर सावकाश हात धूत. पेशंटला म्हणत, "काही नाही, थोडा अशक्तपणा आहे, टॉनिक देतो." बरोबरच्या माणसाला म्हणत, "तुम्ही जरा थांबा." पेशंट बाहेर बाकावर जाऊन बसे आणि आत पडद्यामागे त्याच्या आयुष्याचा निकाल त्याच्या जावयाला सांगितला जाई. मग मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे एक चिठ्ठी लिहिली जाई, बंद पाकिटात. ते पाकीट घरी चहाच्या आधणाच्या वाफेवर अलगद उघडलं जाई आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलापुढे धरलं जाई. त्याला अक्षर लागत नसे, अक्षर लागलं तर अर्थ लागत नसे, आणि पाकीट खळ लावून पुन्हा बंद होई. फाइल कपाटावर, जुन्या ट्रंकेखाली जाई. ती तिथे आहे हे पेशंटला ठाऊक असे, आणि त्याला ठाऊक आहे हे घरच्यांना ठाऊक असे. सगळे मिळून इतकं चोख नाटक वठवत की मध्येच पडदा पाडायची कुणाची छाती होत नसे.

त्या नाटकाबद्दल आम्ही आज हळवे होतो, पण त्याची किंमत सांगायला हवी. 'शेवटपर्यंत कळू दिलं नाही' हे आमच्या घरांमध्ये कर्तबगारी म्हणून सांगितलं जाई. ज्याला कळू दिलं नाही त्याला मृत्युपत्र करता आलं नाही, कुणाकडून किती येणं आहे ते सांगता आलं नाही, अबोला धरलेल्या भावाला बोलावून घेता आलं नाही. बायकांचं तर आणखी वाईट. छातीतली गाठ बाई स्वतःच वर्ष वर्ष झाकून ठेवी, कारण दुखत नाही तर दाखवायची कशाला, आणि दाखवायची तर कुणाला? अंगावरून जाणं 'पाळी जायचं वय आहे' म्हणून सोडून दिलं जाई. शेवटी ऑपरेशनला नेत तेव्हा कागदावर सही नवऱ्याची असे, आणि आपलं काय काढलं हे तिला पट्टी सोडताना समजे. माहिती मायेनं दडवली काय आणि बेफिकिरीनं दिली नाही काय, जिच्या शरीराची ती माहिती होती तिला फरक पडत नसे.

हे नाटक मराठी माणसानं पडद्यावर उघड्या डोळ्यांनी पाहिलं ते २००४ साली, 'श्वास'मध्ये. कोकणातला आजोबा, डोळ्यांचा कॅन्सर झालेला नातू, शहरातलं हॉस्पिटल, आणि ऑपरेशनआधी मुलाला खरं सांगितलंच पाहिजे म्हणणारे डॉक्टर. आम्हाला त्यात नवीन वाटली ती हॉस्पिटलातली समाजसेविका. गोंधळलेल्या आजोबाला धीरानं समजावून सांगणारं असं कुणी पगारावर असू शकतं, हीच आम्हाला बातमी होती. सिनेमातल्या आनंदला स्वतःचा आजार पहिल्यापासून माहीत होता आणि तो त्यावर विनोद करत होता. त्याला टाळ्या वाजवून आम्ही घरी येत होतो आणि आपल्या माणसाची फाइल आणखी आत सरकवत होतो.

आता सही पेशंटची असते आणि प्रश्नही पेशंटचेच असतात. हे चांगलंच झालं. पण साडेदहाला आलेली पीडीएफ माणूस अंधारात एकटा वाचतो. रिपोर्टमधला एकेक शब्द सर्चमध्ये टाकत जातो आणि हिंडत हिंडत 'पाच वर्षं जगण्याचं प्रमाण' या टक्केवारीपाशी येऊन थांबतो. ती टक्केवारी काही वर्षांपूर्वी निदान झालेल्या लोकांवरून, तेव्हाच्या उपचारांवरून काढलेली असते. तिच्यात तिशीतले आणि ऐंशीतले, धडधाकट आणि चार आजार घेऊन आलेले, सगळे एकत्र मोजलेले असतात. ती हजारोंच्या जमावाबद्दल बोलते आणि एकट्याबद्दल गप्प असते. हे सगळं त्याच पानावर, अगदी तळाशी, प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. पण रात्री साडेदहाला तळापर्यंत कोण जातो? जावयाला बाजूला घेणारा डॉक्टर जावयाच्या चेहऱ्याकडे बघून किमान वाक्य अर्ध्यावर थांबवू शकत होता. पीडीएफला थांबता येत नाही.

तेव्हा निदानानंतरचा पहिला प्रश्न 'कितवी स्टेज?' हा नसे. पहिला प्रश्न असे, "टाटात कुणाची ओळख आहे का?" लेडी मेहेरबाई टाटा १९३१मध्ये ल्युकेमियानं गेल्या. त्या दुःखातून त्यांचे पती सर दोराबजी यांनी जे मनात धरलं ते त्यांच्या पश्चात त्यांच्या ट्रस्टनं पुरं केलं, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात 'त्यांना टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. आणि प्रत्येक गावात, प्रत्येक वाड्यात, प्रत्येक चाळीत टाटा 'माहीत असलेला' एक माणूस असे. तो डॉक्टर नसे. त्याचा साडू तिथे लॅबमध्ये कामाला असे, किंवा त्यानं स्वतःच्या आईला तिथे नेलेलं असे. दादर स्टेशनातून कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं, केसपेपरला किती वाजता रांग धरायची, कुठल्या खिडकीवर गोड बोलायचं आणि कुठल्या खिडकीवर गप्प राहायचं, हे त्याला तोंडपाठ असे. त्याचं वैद्यकीय ज्ञान शून्य असे आणि त्याच्यावाचून पान हलत नसे.

पुढचा अभ्यासक्रम धर्मशाळेत पुरा होई. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि जिथे जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ. रात्री जेवणं झाली की व्हरांड्यात सतरंज्या पडत. यवतमाळचा शेतकरी, चिपळूणची मास्तरीण, बिहारहून आलेला पोरगा. "तुमचा कितवा शेक?" अशी ओळख सुरू होई; शेक म्हणजे रेडिएशन. केमोनंतर तोंड येतं तेव्हा तिखट बंद करा आणि गार ताकभात द्या. शेक घेतलेल्या जागी साबण लावू नका. शुक्रवारी रक्ताचा रिपोर्ट घेऊन ठेवा, नाहीतर सोमवार फुकट जातो. एवढं बारीक, एवढं हाताशी येणारं ज्ञान तेव्हा छापील स्वरूपात कुठेच नव्हतं. ते सतरंजीवरून सतरंजीवर जात असे, आणि सांगणारा दुसऱ्या दिवशी पहाटे रांगेत तुमच्याच पुढे उभा असे. चुकीचं सांगितलं असेल तर त्याला गाठता येई.

मात्र या ओळखीच्या गोष्टी सांगताना आमचा आवाज ओलावतो तेव्हा एक विचारलं पाहिजे. ज्याची ओळख नव्हती त्याचं काय होत होतं? आमच्या साडूच्या चिठ्ठीमुळे आम्ही दोन तास वाचवले तेव्हा ते दोन तास रांगेतल्या कुणाच्या तरी वाट्याला जास्तीचे आले असणार. ज्याला आम्ही आपुलकी म्हणत होतो ती रांगेतल्या मागच्या माणसाला वशिला म्हणून दिसत होती, आणि त्याचं दिसणं खोटं नव्हतं.

आता ओळखीची गरज कमी झाली आहे. २०१२मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं. देशभरातली तीनशेहून अधिक रुग्णालयं आणि संस्था त्यात आहेत, आणि कुठल्या कॅन्सरला कुठल्या टप्प्यावर कोणते उपचार करावेत याची त्यांची मार्गदर्शक तत्त्वं कुणालाही उघडून वाचता येतात. रिपोर्ट पाठवून घरबसल्या दुसऱ्या तज्ज्ञांचं मत मागवता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र टेबल टाकून बसलेला असतो, आणि त्याच्याशी साडूचं नातं काढावं लागत नाही. धर्मशाळा आजही आहेत, व्हरांडेही आहेत. फक्त जेवणं झाली की ज्याचं त्याचं तोंड ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये असतं. हे सगळं पूर्वीपेक्षा न्याय्य आहे, यात शंका नाही. तरी एक फरक उरतोच. आरोग्यमित्राची ड्यूटी संध्याकाळी संपते. टाटा 'माहीत असलेला' तो माणूस परतीच्या एसटीत शेजारच्या सीटवर बसे आणि तुम्ही बोलला नाहीत तर तोही बोलत नसे.

तेव्हाच्या माहितीचा सगळ्यात घातक भाग सगळ्यात प्रेमळ माणसांकडून येई. गावापासून दोन एसट्या बदलून जायच्या अंतरावर एक वैद्य असे. तो फक्त गुरुवारी औषध देई, पैसे घेत नसे, नारळ घेई, आणि त्याची अट एकच असे: डॉक्टरचं औषध बंद. 'सुरी लागली की पसरतो', 'तुकडा काढला की भडकतो' ही वाक्यं आमच्या घरांत सुभाषितासारखी वावरत. ती सांगणारा काका स्वतःच्या खिशातून भाडं भरून पेशंटला त्या वैद्याकडे नेई, तिथे दिवसभर ताटकळे आणि पथ्याची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून घेई. चार महिने असेच जात. मग टाटा. तिथे व्हायचं ते झालं की गावात निकाल लागे, 'टाटाला नेला आणि गेला.' तो उशीर वैद्याच्या खात्यावर कधीच मांडला गेला नाही, आणि काकाच्या खात्यावर तर नाहीच. एवढंच समाधान की ती अफवा एसटीनं प्रवास करत असे. तिला तिकीट काढावं लागे, वाटेत मुक्काम करावा लागे, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडेपर्यंत ती दमलेली असे.

आताची अफवा दमत नाही आणि मध्येच कपडेही बदलते. पेल्यात खोबऱ्याचे पातळ काप टाका, वरून गरम पाणी ओता, ते प्या, कॅन्सरच्या पेशी मरतात, असा एक मेसेज काही वर्षांपूर्वी फिरला. खाली नाव टाटा मेमोरियलच्याच ज्येष्ठ डॉक्टरांचं. हॉस्पिटलला जाहीर खुलासा करावा लागला. खुलासा जिथल्या तिथे राहिला, नारळपाणी पुढे गेलं. त्याच्याही आधी एक एसएमएस हिंडत असे: रक्ताच्या कॅन्सरवर 'इमिटिनेफ मर्सिलेट' हे औषध निघालं आहे, चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फुकट मिळतं, दहा जणांना कळवा. गंमत अशी की ही थाप पूर्ण थाप नव्हती. इमॅटिनिब मेसिलेट या खऱ्या औषधाचं ते बिघडलेलं नाव होतं. २००१मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या या औषधानं एका ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचं रूपच पालटलं. ते सगळ्या रक्ताच्या कॅन्सरवर चालत नाही, आणि एसएमएस म्हणत होता तसं कुणालाही फुकट वाटलं जात नव्हतं. कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा दहा हजारांच्या आसपास. त्याच्या पेटंटविरुद्ध मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन कोर्टात लढली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानं पेटंट नाकारलं. खरी बातमी ही होती. ती दहा जणांना कुणी कळवली नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये एका माजी क्रिकेटपटूनं, लिंबूपाणी, हळद, कडुलिंब आणि साखर बंद यांमुळे पत्नीचा कॅन्सर बरा झाला, असं सांगितलं. पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना एकत्र सही करून सांगावं लागलं की याला पुरावा नाही, यासाठी उपचार लांबवू नका. आमच्या काकाला उत्तर द्यायला एक फॅमिली डॉक्टर पुरे. आताच्या काकाला २६२ लागतात, आणि तरी काका व्हिडिओत जास्त सात्त्विक दिसतो.

वाचून माहिती मिळवणारेही तेव्हा थोडेफार होते. वाईच्या मराठी विश्वकोशाचा जाडजूड खंड ग्रंथालयात बसूनच वाचावा लागे. मुंबई-पुण्याकडे ब्रिटिश लायब्ररीत जाऊन पुस्तकं चाळता येत. वर्तमानपत्रातलं कात्रण वहीत चिकटवलं जाई, आणि नेमकी हवी ती ओळ पलीकडच्या सोन्याच्या भावात गेलेली असे. पुढे मुंबईच्या 'जासकॅप' संस्थेनं ब्रिटनमधल्या रुग्णपुस्तिका मराठीत आणल्या. एकेका कॅन्सरवर एकेक पुस्तिका, साधी भाषा, घाबरवणं नाही आणि लाडीगोडीही नाही. शेवटच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिण्यासाठी रिकाम्या ओळी असत. सगळ्या पुस्तिकेत ते रिकामं पान सर्वांत मोलाचं होतं. आपणही प्रश्न विचारायचे असतात, ही सूचना त्याआधी आम्हाला कुणी केलेली नव्हती.

आता रिकामं पान शोधून सापडत नाही. १९९७मध्ये पबमेड सगळ्यांना मोफत खुलं झालं आणि डॉक्टरांच्या कपाटाची किल्ली दारातल्या तुळशीवृंदावनावर ठेवल्यासारखी झाली. आता आमची मुलं शोधनिबंध वाचतात. निदान त्याचा सारांश वाचतात. निदान त्याचं शीर्षक वाचतात. उंदरांवर झालेल्या प्रयोगावरून बाबांचा डबा ठरतो. चॅटबॉट रात्री दोन वाजता, नम्रपणे, शुद्धलेखनाच्या चुका न करता मराठीत उत्तर देतो, आणि बरोबर असेल तेव्हाचा आणि चुकेल तेव्हाचा त्याचा सूर एकच असतो. काका थाप मारताना निदान आवाज चढवायचा.

डॉक्टरांसमोर आमचं वाक्य ठरलेलं असे, "तुम्ही म्हणाल तसं." मुलांचं वाक्य असतं, "मग असं का नाही करत?" आमचं वाक्य कानाला गोड होतं, त्यांचं वाक्य बरोबर आहे. ओपीडीत न्यू जर्सीचा मुलगा स्पीकरवर असतो, पुण्याची मुलगी टिपणं घेते, डॉक्टर घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करतात, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो बापडा, 'मला काय वाटतं' हे सांगायला मधली फट शोधत असतो. पूर्वी त्याला बाहेर बाकावर बसवत. आता आत बसवतात. एवढी प्रगती नक्की झाली आहे.

गेलेल्या गोष्टींमध्ये 'भेटायला जाणं' ही एक आहे. चार ते सहा ही वेळ, हातात मोसंबीची पिशवी किंवा तोंड न फोडलेलं शहाळं, कॉटच्या कडेला लोखंडी स्टूल. पहिली पाच मिनिटं तब्येत, पुढचा तास गावाकडचा पाऊस, अमक्याची बदली, तमक्याचं बारसं. आजारी माणूस त्या तासात आजारी राहत नसे. या भेटीही काही निर्मळ नव्हत्या. "आमच्या मेव्हण्यालाही अगदी असंच झालं होतं," असं एखादा हमखास म्हणे. "मग?" "मग काय, गेला." आणि मोसंबी सोलायला घेई. आता मेव्हण्याची गोष्ट कुणी ऐकवत नाही. हात जोडलेले इमोजी येतात, ते कुणाला दुखवत नाहीत आणि स्टुलावर बसतही नाहीत.

त्या मेव्हण्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण आमच्या सगळ्या माहितीचं गणित त्याच्यात आहे. तेव्हा कॅन्सर होऊन बरी झालेली माणसं नव्हती असं नाही. होती, पण ती गप्प बसत. घरात लग्नाची मुलगी असे, आणि 'त्यांच्याकडे तो आजार आहे' एवढ्यावर स्थळ परत जाई. ताट-वाटी वेगळी ठेवणारे शेजारी होते. म्हणून बरा झालेला माणूस आजाराचं नाव बदलून टाकी. आतड्याचा कॅन्सर अल्सर होई, गर्भाशयाचा कॅन्सर नुसतीच पिशवी काढणं होई. गेलेल्याला मात्र नाव बदलता येत नसे. त्यामुळे आमच्यापर्यंत फक्त मेलेले पोहोचत, आणि त्यांच्यावरून आम्ही ठरवून टाकलं होतं की कॅन्सर झाला म्हणजे संपलं.

आता उलटं झालं आहे. युवराज सिंग २०१२मध्ये उपचार पुरे करून मैदानावर परतला, सोनाली बेंद्रेनं २०१८मध्ये आपला आजार स्वतःच जाहीर केला, आणि गल्लीतली वहिनीही केस गेलेल्या डोक्याचा फोटो लावून वाढदिवस साजरा करते. वाचलेली माणसं बोलू लागली. आमच्या हयातीत झालेला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला बदल. पण बोलणाऱ्यांमध्ये लिंबूपाणीवालाही असतो, आणि लिंबूपाण्याच्या भरवशावर राहून गेलेल्याचा व्हिडिओ निघत नाही. तेव्हा आमच्यापर्यंत फक्त मेलेले पोहोचत. आता फक्त वाचलेले पोहोचतात. त्या अर्ध्या हिशेबानं माणसं उपचारांआधीच हात टेकत. या अर्ध्या हिशेबानं काही जण उपचारांकडेच पाठ फिरवतात.

पुरा हिशेब ठेवणारी माणसं तेव्हाही होती, आम्हाला ठाऊक नव्हती इतकंच. इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३मध्ये मुंबईत कॅन्सरची नोंदणी सुरू केली. एका शहरात कुणाला कोणता कॅन्सर झाला हे मोजणारी ती देशातली पहिली. खेड्यातली पहिली नोंदणी १९८७मध्ये बार्शीला सुरू झाली, नर्गिस दत्त यांच्या नावानं असलेल्या हॉस्पिटलात. तिथे अडचण अशी की खेड्यातला कॅन्सर हॉस्पिटलपर्यंत येतच नसे, मग मोजायचा कुठे? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले. सरपंचाला, मास्तरांना भेटले, कुठलं लक्षण दिसलं की दाखवायचं ते लोकांना सांगितलं, संशय आला त्याला हॉस्पिटलात आणलं. आणलेला माणूस पुढे जगला की गेला, हेही पुन्हा गावात जाऊन विचारलं. मेलेला आणि वाचलेला, दोघांनाही एकाच वहीत जागा.

त्याच टापूत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला आणि २००९मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. जगभरच्या डॉक्टरांनी तो निष्कर्ष वापरला. न्यू जर्सीचा मुलगा आज इंग्रजीत जी विश्वासार्ह माहिती वाचतो तिच्यात कुठेतरी त्या जिल्ह्यातल्या, परंड्याकडच्या एखाद्या बाईचा धीर आहे. पाळी जायचं वय म्हणून गप्प न बसता ती तपासायला आली, आणि ती आली कारण तिच्या ओट्यावर बसून कुणीतरी तिला दोनदा, तीनदा समजावलं होतं.

तर आम्ही हळहळतो ते नेमकं कशासाठी? त्या माहितीसाठी नक्कीच नाही. ती बहुतेक चुकीची होती आणि चुकीची नव्हती तेव्हा उशिरा येत होती. हळहळ आहे ती सांगणाऱ्या माणसासाठी. त्याच्या मायेवरून आम्ही त्याच्या म्हणण्याची खात्री करून घेत होतो, आणि इथेच घोळ होत होता. आजही मेसेज आत्याकडून आला की तो खरा वाटतो, म्हणजे घोळ तसाच आहे, फक्त आत्याला आता स्वयंपाकघरातून उठावंही लागत नाही. माया आणि खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी त्या एकाच पिशवीतून गावात नेल्या. आम्ही एक घेतली की दुसरी आपोआप आली असं धरून चाललो.

आता आमचं वय असं आहे की असे फोन आम्हालाच येतात. समोरचा आवाज थोडा खाली आणतो, आणि आपण ऐकण्याआधीच आपल्या मोबाइलमधली कुठली तरी लिंक शोधायला लागतो. त्याऐवजी म्हणावं, "मला यातलं फारसं कळत नाही, पण मी बरोबर येतो." जाताना एक साधी वही न्यावी आणि तिच्यात पेशंटला विचारून प्रश्न लिहावेत. कॅन्सर नेमका कोणत्या प्रकारचा, कुठवर गेलेला? उपचार बरा करण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी? दुसरं मत घ्यायला दोन आठवडे थांबलं तर चालेल का? खर्च किती, आणि कुठल्या योजनेत बसतो? उत्तरं डॉक्टरांची, अक्षर आपलं. मग संध्याकाळी स्टूल ओढून बसावं आणि गावाकडच्या पावसाबद्दल बोलावं. मेव्हण्याची गोष्ट सांगू नये. शहाळं न्यायचं तर डॉक्टरांना विचारून खुशाल न्यावं. फक्त ते गरम करू नये.